मार खाल्लेली खुर्ची

जुन्या जालन्यातल्या आमच्या घरमालकांनी उभ्या आयुष्यात एकही नवी वस्तू विकत घेतली नाही. ऐपत नव्हती असं नाही, नव्या वस्तूवर त्यांचा विश्वासच नव्हता. "नवीन म्हंजे काय वं माय," ते मला म्हणायचे, "तिला मागचं घरच न्हाई. तिच्याबद्दल इचारावं तर कोणाला इचारावं?"

सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची. उमेदीच्या काळात ते बैलांचे दलाल होते. जिल्ह्यात जिथं जिथं बैलबाजार भरे तिथं विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मधे आबा बसलेले. तो सौदा तोंडानं होत नसे. दलालानं उपरणं पसरायचं, त्याच्याखाली एकमेकांचा हात धरायचा, बोटं दाबायची, आणि भाव ठरायचा. भोवती गर्दी उभी असे, पण उपरण्याखाली काय ठरलं ते दोघांखेरीज कुणाला कळत नसे. पुढं गुडघे गेले, धंदा सुटला. उपरणं मात्र खांद्यावर राहिलं, आणि बैल पारखायची नजरही राहिली. बैल समोर नसल्यामुळं ती नजर ओट्यावर बसून येईल त्याच्यावर फिरायची. भाजीवाली, पोस्टमन, भाडेकरू, कुणी सुटत नसे.

आम्ही खोल्या बघायला गेलो तेव्हा लग्नाला वर्षच झालं होतं. आमचे हे बियाण्याच्या कंपनीत लागले होते. मी औरंगाबादच्या कॉलेजातून गृहशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. त्या वेळची मी म्हणजे एक बघण्यासारखं प्रकरण होतं. रेडिओला भरतकामाचं कव्हर, त्या कव्हरला पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर. बोलताना दर चार वाक्यांनी "आमच्या औरंगाबादला" असं यायचंच. आज ती बाई माझ्या दारात आली, तर मी तिला खोली देणार नाही.

आबांनी आम्हाला ओट्यावर उभं केलं आणि विचारलं, "मागं कुठं होता?"

"औरंगाबादला," हे म्हणाले.

"सोडलं कामून?"

"बदली झाली."

"आन् ह्यांना?" आबांनी माझ्याकडं न बघता मानेनं माझ्याकडं खूण केली. "काही खोड?"

मी यांच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हे ताडकन काहीतरी बोलतील. यांनी जरा विचार केला. त्या विचाराला जो वेळ लागला तो मी अजून विसरलेले नाही. मग म्हणाले, "सकाळी चहाच्या आधी बोलवायचं नाही. बाकी काही नाही."

"बराबर," आबा म्हणाले. "सांगितली ती खोड न्हाई. न सांगितलेली, ती खोड." आणि यांच्या हातावर उपरणं टाकून त्यांनी भाडं ठरवलं. किती ठरलं ते मला घरी गेल्यावर कळलं. मी आठ दिवस धुमसत होते. भाड्यावरून नाही, चहावरून.

तेव्हापासून हे झाले 'आष्टीवाले', कारण यांचं गाव परतूरजवळचं आष्टी, आणि मी झाले 'औरंगाबादवाली'. बैलांना ज्या बाजारातून आणलं त्याच्यावरून ओळखतात, तसंच हे. मला त्यात आपला मान वाटायचा, हे त्यातलं आणखी विशेष.

आबांची पारख नेहमी बरोबर यायची असा कुणाचा समज होत असेल तर तो आधीच काढून टाकते. त्यांचा चष्मा एका निवृत्त तलाठ्याचा होता. तलाठ्यानं त्या चष्म्यातून आयुष्यभर बारीक अक्षर वाचलं, एकदाही डोकं दुखलं नाही, एवढी चौकशी करून आबांनी तो घेतला होता. तो लावून त्यांना समोरची पाटी वाचता येत नसे. मी एकदा म्हटलं, "आबा, डॉक्टरला डोळे दाखवा ना." तर म्हणाले, "चष्म्यात बिलकुल खोट न्हाई. माझे डोळे अजून त्याला सरावून राह्यले." सात-आठ वर्षं ते सरावतच होते. मी नवाकोरा कुकर आणला तर त्यांनी तीन दिवस मला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून शिट्या मोजायला लावल्या. न पारखलेलं वासरू जुंपलंय, जवळ उभं राहू नको, म्हणाले.

आमची मुलगी झाली तेव्हा बाळंतपण माहेरी करून मी तिला घेऊन आले. त्याच दिवशी आबा दारात हजर. हातात एक झबलं. पार विटलेलं, मूळचा रंग कोणता तेही सांगता येऊ नये. आपल्याकडं बाळाला आधी दुसऱ्याच्या घरचं जुनं झबलं घालतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माझ्याकडं लेसचे सहा फ्रॉक तयार होते.

"आबा, ह्याची गरज नाही," मी म्हटलं.

"अगं, ह्याचं घराणं तर ऐक. हे पहिलं घातलं मंठ्याच्या कंपाउंडरनं. आता कंपाउंडर हाय, तवा एवढासा होता. मंग त्या कोपऱ्यावरच्या भुसारवाल्याच्या दोन्ही पोरांनी. मंग माझ्या नातीनं. चौघं बी ठणठणीत. एक जरा तोतरा बोलतो, पर ते झबल्यामुळं न्हाई, बापावर गेलाय."

मी तोंड वाकडं करून ते झबलं लेकीला घातलं. लेसच्या फ्रॉकात दुपारभर रडणारी ती पोरगी त्या चिंधीत डाराडूर झोपली. मऊ होतं ना. चार पोरांनी मऊ केलेलं. मी हे तेव्हा कबूल केलं नाही. फ्रॉकच्या पोटात अंगाला टोचणारा जो कडक कापडाचा तुकडा होता तो गुपचूप उसवून टाकला, एवढंच.

मग यांनी मोटार घेतली. एका डॉक्टरांची जुनी, पांढरी. त्या वेळी आमच्या गल्लीत मोटार शिरणं म्हणजे कुणाकडं तरी लग्न किंवा कुणीतरी गंभीर. आबांनी मोटारीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "तोंड उघडा," म्हणाले. यांनी बॉनेट उघडलं. आबांनी आत वाकून बघितलं, दात मोजल्यासारखं. मग म्हणाले, "आता मागं सरकवा." गाडी मागं सरकली. "आता डाव्या अंगाला वळवा." मग बॉनेटवर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि डॉक्टरांच्या ड्रायव्हरला विचारलं, "ही कधी रस्त्यात बसली होती का?"

ड्रायव्हर प्रामाणिक निघाला. "दोनदा," म्हणाला. "घाटात."

"मंग चांगली हाय," आबा म्हणाले. "सांगून बसली म्हंजे इमानदार हाय. घाटाला नेऊ नका."

गाडी आली, पण ती चालवणारा नुकता शिकलेला होता. हे गाडी चालवताना स्टिअरिंग असं धरायचे की जणू ते कुणीतरी पळवून नेणार आहे. समोरून सायकल आली तरी गाडी थांबवून तिला जाऊ द्यायचे. मला हे शालीनतेचं लक्षण वाटायचं. नवऱ्याबद्दल तेव्हा मला बरंच काही वाटायचं.

आता खुर्चीकडं यायचं तर आधी माझ्या मोठ्या जाऊबाईंकडून जावं लागेल. जाऊबाई आष्टीला असायच्या. गावातला पहिला रंगीत टीव्ही त्यांचा. पहिला फ्रीज त्यांचा. फ्रीज आला त्या आठवड्यात त्यांनी डब्यात बर्फ भरून एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ माझ्यासाठी पाठवला. जालन्याला पोचेपर्यंत त्याचं पाणी झालं होतं, पण निरोप पोचला. त्या पाण्याचा मी मनात हिशेब ठेवला होता.

लेकीला सातवा महिना लागला आणि जावळ आष्टीला काढायचं ठरलं. जायचं अर्थातच मोटारीनं. म्हणजे मोटार वेशीतून आत शिरणार, जाऊबाई दारात उभ्या राहणार. तेवढ्यानं माझं पोट भरायला हवं होतं. भरलं नाही.

त्याच सुमाराला मी माहेरी गेले असताना कळलं, परदेशात बरीच वर्षं राहून आलेलं एक कुटुंब घरातल्या वस्तू विकतंय. मी गेले. दिवाणखान्यात सगळं मांडलेलं, आणि मधोमध ती. बाळाला मोटारीत बसवायची खुर्ची. टोपलीसारखी खोलगट, वर धरायला कडी, आत अस्वलांच्या चित्रांचं मऊ कापड, आणि पोटावर टच्कन बसणारा लाल खटका. असली वस्तू मी फक्त मासिकातल्या चित्रात बघितली होती. त्या बाईंनी मला काचेच्या उंच पेल्यातून सरबत दिलं आणि म्हणाल्या, "फारशी वापरलीच नाही हो."

मी एक प्रश्न विचारला नाही. एकही. जालन्याच्या बाजारात चार आण्याची कोथिंबीर घेताना जुडी उलटीसुलटी करून बघणारी मी, तिथं अशी बसले होते की परदेशातून मीच आले आहे. विचारलं तर खेडवळ दिसू, ही भीती. किती लहान भीती असते ती, पण केवढी मोठी वस्तू गळ्यात घालते.

खुर्ची जालन्याला आली. मी ती ओट्यावर मांडली, कारण घरात मांडून कुणाला दिसणार. गल्ली जमली. एकीनं विचारलं, "न्हाव्याच्या दुकानातली आहे का?" तिच्याशी मी पुढं महिनाभर बोलले नाही. आबा काठी टेकत आले आणि खुर्चीसमोर बसले.

"कोणाच्या घरची?"

मी घराणं सांगितलं. बंगला, परदेश, सरबत.

"किती पोरं बसली हिच्यात?"

"एकच. त्यांचा मुलगा."

"पोरगं बरं हाय?"

"धडधाकट. सोफ्यावर उड्या मारत होता."

"त्यांच्या गाडीला कधी ठोकर बसली?"

"मला काय माहीत?"

"इचारलं न्हाई?"

"आबा, चांगल्या घरच्या लोकांना असलं काही विचारत नसतात."

"बैल बी चांगल्याच घरचे राह्यतात, माय. पडणारा बैल घर पाहून पडत न्हाई."

गल्लीतल्या बायका हसल्या. माझा चेहरा तापला. आबांनी बोटाच्या पेरानं खुर्चीच्या पाठीवर टकटक केलं, माठ घेताना करतात तसं, आणि कान लावला. मग म्हणाले, "एकदा पडलेला बैल वरून टकाटक दिसतो. चरतो, चालतो. मोकळ्या रस्त्याला कोणाला कळत न्हाई. चढ लागला, वझं आलं, की मटकन बसतो. आन् बैलाचं तरी रोज काम हाय, दोन दिसांत कळतं. ही खुर्ची तर रोज रिकामीच म्हण की. हिचं काम येकदाच. ठोकर बसंल त्या घडीला. त्या घडीला ही बसली खाली, तर पोरीला धरून कोण ठेवणार?"

मी लेकीकडं बघितलं. ती त्या खुर्चीतच होती, लाल खटका चोखायचा प्रयत्न करत होती. मी तिला चटकन उचलून कडेवर घेतलं, आणि घेतल्याचा माझा मलाच राग आला. "ठीक आहे," मी म्हटलं, "आत्ता फोन करते त्या बाईंना. तुमच्या समोर. म्हणजे एकदाचं समाधान होईल."

एस.टी.डी.च्या बूथवर आम्ही गेलो. लेक आबांच्या कडेवर. मी काचेच्या खोक्यात, आबा बाहेर काचेला नाक लावून. मी अगदी मऊ आवाजात त्या बाईंना विचारलं की खुर्ची छानच आहे, सहज आपलं, गाडीला कधी अपघात वगैरे?

"अपघात असा नाही," त्या तितक्याच मऊ आवाजात म्हणाल्या. "एकदा सिग्नलला उभे होतो तर मागून एकजण येऊन आदळला. गाडीची मागची बाजू पार आत गेली. पण आमचा मुलगा नव्हता हो त्यात. खुर्ची रिकामी होती."

"तुम्ही बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत." आणि मग आपुलकीनं, "तोंड मागच्या काचेकडं करून बसवताय ना बाळाला?"

"हो तर," मी म्हटलं. मी तिला तोंड पुढं करून बसवणार होते, म्हणजे आष्टीत शिरताना ती सगळ्यांना नीट दिसावी.

बाहेर आल्यावर मी आबांना सांगितलं, "एकदा थोडं लागलं होतं. पण बाळ त्यात नव्हतं."

"पोरगं नव्हतं," आबा म्हणाले. "खुर्ची तर होती ना?"

घरी येऊन मी खुर्चीचं अस्वलांचं कापड काढलं. आबांचं म्हणणं खरं करायला नव्हे. आत काहीच झालेलं नाही हे दाखवून त्यांचं तोंड बंद करायला. खाली थर्मोकोलसारखा थर होता, तो एका बाजूनं दबून भुरभुरत होता. आणि त्याच्या मागं, पाठीच्या प्लॅस्टिकवर, एक पांढरी रेघ. प्लॅस्टिकची बादली आपटली की तडकायच्या आधी उमटते तशी. ती रेघ कुठल्याही बाईला कळते. ती दिसली की आपण बादली पाण्यानं काठोकाठ भरत नाही, आणि भरलीच तर कडीला धरून उचलत नाही. आणि मी तर ह्या बादलीत माझी पोर भरून उचलत होते.

आज माझ्या त्याच लेकीला मूल आहे आणि ती ह्या विषयातली अधिकारी आहे. ती म्हणते, रेघ दिसो वा न दिसो, एकदा अपघातातून गेलेली सीट पुन्हा वापरायचीच नाही. कोणाची, किती जुनी, हे कळल्याशिवाय जुनी घ्यायचीच नाही. प्लॅस्टिकचंही वय होतं, बनवल्याची तारीख मागं छापलेली असते, ती बघायची, पट्टे विरलेले नाहीत ना बघायचं, आणि कशी बसवायची त्याची पुस्तिका मागून घ्यायची. माझ्या त्या खुर्चीच्या पाठीवरही काही आकडे उठवलेले होते. मी त्यांना नक्षी समजले होते.

संध्याकाळी हे घरी आले. मी तोंड फुगवून बसलेली. जायचं दुसऱ्या दिवशी सकाळी. मी म्हटलं, खुर्ची नको तर नको, मांडीवर घेऊन बसते, पण मोटारीनंच जायचं. हे बूट काढत राहिले. ओट्यावरून आबांची हाक आली, "आष्टीवाले, जरा इकडं या."

मी खिडकीतून बघत होते. आबांनी यांच्या हातावर उपरणं टाकलं. दोघं शेजारी शेजारी बसून समोरच्या भिंतीकडं बघत होते, बैलबाजारात बघतात तसे, चेहऱ्यावर काही नाही. उपरणं एकदा हललं. आबांनी मान डोलावली. मग मोठ्यानं, मला ऐकू येईल असं म्हणाले, "गाडी जुनी, गाडीवान नवा, आन् खुर्ची मार खाल्लेली. तिन्ही येकदम नको. रेल्वेनं जा."

"बरं," हे म्हणाले. इतक्या लवकर हे कशालाच हो म्हणत नसत. मी ते आबांचा दरारा समजून सोडून दिलं.

तर आम्ही रेल्वेनं परतूर आणि पुढं एस.टी.नं आष्टी असे गेलो. एस.टी.त शेजारच्या आजोबांच्या पिशवीतून मेथी माझ्या नव्या साडीवर सांडत होती. वेशीजवळ जाऊबाई अर्ध्या आळीला घेऊन मोटार बघायला उभ्या. आम्ही धुळीनं माखलेले, हातात पिशव्या, पायी. जाऊबाईंनी आमच्या मागं रस्त्यावर लांबवर नजर टाकली.

"मोटार मागून येऊन राह्यली का?"

निघताना आबांनी मला शिकवून ठेवलं होतं, खोड आधी सांगून टाकायची. मी म्हटलं, "वहिनी, मोटार जुनी आहे, तुमचे दीर नवीन आहेत, म्हणून रेल्वेनं आलो."

जाऊबाई असल्या हसल्या की पदर तोंडात कोंबावा लागला. लेकीला माझ्या कडेवरून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं केलंस बाई. आमच्या ह्यांनी ट्रॅक्टर शिकताना गोठ्याची भित पाडली, ती गावाला सांगितली न्हाई आम्ही. म्हैस पडली म्हणून सांगितलं." इतक्या वर्षांत आमचं पहिल्यांदाच काही बोलणं झालं. तोवर आम्ही नुसता फ्रीज आणि मोटार बोलत होतो. जावळ झालं. पोरीचं डोकं नारळासारखं दिसायला लागलं.

परत आल्यावर आबांनी तिला मांडीवर घेतलं, तिचा खालचा ओठ बोटानं खाली केला आणि आत बघितलं. खाली दोन कण्या दिसत होत्या. "अरे वा," म्हणाले, "दोन दाती झाली की." मग उपरणं तिच्या हातावर टाकून आत आपलं बोट सरकवलं. तिनं ते घट्ट धरलं असणार, कारण आबांना बोट काढता येईना. ते यांच्याकडं बघून म्हणाले, "आष्टीवाले, बापापेक्षा पोरीचा भाव लई वर हाय." हे कानापर्यंत लाल झाले आणि आत पाणी प्यायला गेले. मला वाटलं, बाप झाल्याचं कौतुक.

खुर्ची अजून कोपऱ्यात होती. अस्वलं धुऊन, वाळवून मी परत चढवली होती, कारण मंठ्याच्या एका ओळखीच्या बाईंना ती हवी होती. त्या न्यायला येणार, त्या दिवशी सकाळी आबांनी विचारलं, "त्यांना सांगितलं का, मार खाल्लेली हाय म्हणून?"

"त्यांनी विचारलं नाही," मी म्हटलं. आणि बोलल्याबरोबर जीभ चावली.

आबा आत गेले, विळा घेऊन आले आणि खुर्चीचे पट्टे एक एक करून कापून टाकले. लाल खटका काढून माझ्या हातात दिला. "आता कोणी इचारायची बी गरज न्हाई," म्हणाले. "आता ही आपली आपण सांगती."

पट्टे कापलेली ती खुर्ची त्यांनी परसात नेऊन पेरूच्या झाडाखाली ठेवली. आठवड्याभरात त्यांची कोंबडी तिच्यात अंडी घालायला लागली. अस्वलांच्या गादीवर बसून ती अशी बघायची की तिच्या माहेरी मोटार आहे. मी तिच्याकडं बघायचं टाळायची. फार ओळखीची वाटायची. कुणी नवखा माणूस आला की आबा त्याला परसात नेऊन दाखवायचे, "परदेशातून आल्ती. मागचं घर चांगलं हाय, पर एकदा ठोकर खाल्लेली. कोंबडीला चालती. कोंबडी कुठं जात न्हाई."

आबांचं इतकं विचारायचं कारण काय, हे मी त्यांना एकदा विचारलंच. मला वाटलं होतं, मागं काहीतरी मोठी गोष्ट असेल, एखादी फसवणूक, एखादा बैल. ते म्हणाले, "गोष्ट कशाला पायजे? तोंड हाय, इचारतो. पैसे लागत न्हाईत." पुढं आम्ही आमचं घर बांधलं तेव्हा ते भेटायला आले, भिंतींवरून हात फिरवला आणि नाराज झाले. नवीन घर. विचारायचं कुणाला? आता ते जाऊनही बरीच वर्षं झाली. वर गेल्यावर जागा ताब्यात घेण्याआधी त्यांनी नक्की विचारलं असेल, इथं माझ्या आधी कोण होतं आणि त्यानं सोडलं कामून.

हे आठवायचं कारण लेकीचा फोन. कुणीतरी तिला एक वापरलेली सीट देत होतं, आणि ती त्या देणाऱ्याला आबांनी बैलबाजारात विचारले असते असले प्रश्न विचारत सुटली होती. मी फोन ठेवून हसत होते. हे म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, आबांची खुर्ची आठवली. हेही हसायला लागले, आणि मग म्हणाले, "त्या संध्याकाळी आबांनी उपरण्याखाली मला काय विचारलं होतं, माहीत आहे?"

"काय?"

"उपरणं टाकता टाकता कानात म्हणाले, आष्टीच्या रस्त्याला पोर नीट पोचवाल याची खात्री किती, सोळा आण्यातली दाबून दाखवा. मी चार बोटं दाबली. चार आणे."

मेथी सांडलेली ती साडी आठवली, एस.टी. आठवली, त्या संध्याकाळचं माझं फुगलेलं तोंड आठवलं. ते सगळं मी आबांच्या नावावर मांडलं होतं.

"मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलंत?"

हे चष्मा पुसत म्हणाले, "तू विचारलं कुठं?"